पंचमीच्या कोहळ्याची फोड

शिवाजी पेठ, कोल्हापूर
शुक्रवार, १९ जुलै २००२

बसव्वा,

शालन म्हणते, पत्राच्या वर देवाचं नाव घालायचं असतं. घातलं असेल तिने. मला काय दिसतंय? मला हा सगळा कागद म्हणजे मुंग्यांची रांग. मी बोलते आणि माझी सून मुंग्या सोडते.

आधी एक सूचना. हे पत्र जो कोणी वाचून दाखवतोय त्याने मोठ्याने वाचावं, आणि तिच्या उजव्या अंगाला बसून वाचावं. डाव्या कानाने तिला फक्त स्वतःची स्तुती ऐकू येते.

दुसरी गोष्ट. 'हाय, न्हाय, व्हय' असलं काही शालन कागदावर उतरवणार नाही म्हणते. "आत्ती, पोस्टमन हसंल की." म्हणून मी बोलते ते ती धुऊन, वाळवून, घडी घालून लिहिते आहे. तुला माझा आवाज त्यात कमी वाटला तर तिला बोल लाव.

आज आषाढातला शुक्रवार. आपल्या पेठेने पंचगंगेचं नवं पाणी टेकडीवरच्या टेंबलाईला नेलं. पोरींच्या डोक्यावर पाण्याचे कलश, पुढे पी-ढबाक पी-ढबाक वाजतंय, आणि वाजवणाऱ्यांच्या पुढे आमचा सयाजी, जणू टेकडी त्यानेच बांधली. आता गल्लीत घरोघरी मटण शिजतंय. तुमच्यात चालत नाही. तू या दिवशी नाकाला पदर लावून माझ्या पायरीवर बसायचीस, नाक मुरडायचीस, आणि उठून जायची मात्र नाहीस. आज पायरी रिकामी होती. मांजर बसलं होतं. त्याने नाक मुरडलं नाही, त्यामुळे मजा आली नाही.

अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारापाशी तुझी जागा गेली. माझ्या फुलांच्या पाटीला लागून तीस वर्षं तुझ्या हळदीकुंकवाच्या राशी होत्या, तिथे आता एकजण प्लॅस्टिकच्या पिपाण्या विकतो. दिवसभर वाजवून दाखवतो. गिऱ्हाईक विचारतं, "कुंकूवाली मावशी कुठं गेली?" मी म्हणते, लेकीपाशी. शांभवीला सासरच्यांनी मूल होत नाही म्हणून परत आणून सोडलं, आणि तू तिला घेऊन चंदगडला माहेरच्या घरात जाऊन राहिलीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दीड वर्ष झालं. जाताना शेजारच्या पानवाल्याचासुद्धा निरोप घेतलास. मला सांगितलं नाहीस. का, ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

माझी नात, तुमची गिरिजा, तीन वर्षांची होईल आता. सयाजीला बहीण नाही म्हणून बारशाला शांभवीलाच आत्या केलं होतं, तिनेच कानात नाव सांगितलं. ते नाव घेऊन पोरगी आता गल्लीभर फिरते.

नवरात्रातल्या पंचमीला येशील ना? एवढंच विचारायचं होतं. बाकीचं शालनचा हात चालू राहावा म्हणून सांगितलं.

तुझी
चिमणाबाई


कोल्हापूर
शुक्रवार, २३ ऑगस्ट २००२

बसव्वा,

पाच आठवडे झाले. पोस्टमन आता मला बघून रस्ता बदलतो. परवा त्याला अडवून पिशवी उघडायला लावली. शालन म्हणते तसं करणं गुन्हा आहे. असू दे. कळंब्याच्या तुरुंगात दोन वेळचं जेवण मिळतं आणि तिथे पिपाण्या नाहीत.

पंचमीला मुद्दाम बोलावते आहे, कारण त्या दिवसाची गोष्ट तू मला सांगितलीस. लग्न होऊन पेठेत आले तेव्हा मला काहीच माहिती नव्हती. देवळाच्या पायरीवर बसून तूच सांगितलंस की कोल्हासुराशी लढाई झाली तेव्हा टेंबलाई अंबाबाईच्या मदतीला धावली, आणि जिंकल्यावर अंबाबाईने सगळ्यांना बोलावलं, आपल्या सखीलाच बोलवायला विसरली. ती रुसली आणि टेकडीवर जाऊन गावाकडे पाठ करून बसली. मग थोरलीला उमगलं. म्हणून दर ललिता पंचमीला अंबाबाई पालखीत बसून टेंबलाईला भेटायला जाते आणि तिच्यासमोर कोहळा फोडतात, आणि त्याची फोड ज्या घरात जाते तिथे पाळणा हलतो म्हणतात.

मी तेव्हा तुला विचारलं होतं, "इतकी वर्षं जातीया, मग ती मान का वळवत न्हाई?" तू म्हणालीस, "वळवली तर पुढच्या वर्षी ही येईल का?" केवढी हसलो होतो आपण.

आता मला ती गोष्ट सारखी आठवते. माझं मी बघते की मी तुला कुठे बोलवायला विसरले होते का. बारशाला बोलावलं. सयाजीच्या लग्नात तर तू माझ्या आधी येऊन बसली होतीस. नाही विसरले.

मागच्या पत्रात म्हटलं होतं, तू का गेलीस ते मला ठाऊक नाही. ते पुरतं खरं नाही. शालन वर बघते आहे. काही नाही गं, तू लिही.

अठ्ठ्याण्णव सालची पंचमी आठवते तुला? टेकडीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. गुरवांच्या मुलीने कोहळ्यावर त्रिशूळ मारायच्या आधीच माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती. तू माझा दंड धरून म्हणालीस, "चिमणे, तुझं हात लांब हाईत. एवढी एक फोड घे की. माझ्या शांभवीसाठी." तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. सुपारीसुद्धा नाही. मी पदर खोचला आणि शिरले.

परत आले. तू बघत होतीस. मी म्हटलं, "न्हाई घावली."

इथेच थांबते. शालनला दूध तापवायचं आहे.

चिमणाबाई


कोल्हापूर
शुक्रवार, २७ सप्टेंबर २००२

बसव्वा,

पितृपंधरवडा चालू आहे. मेलेल्यांना जेवायला घालायचे दिवस. तू जिवंत असून उत्तर देत नाहीस, तेव्हा तुला कुठल्या पानावर वाढू?

हे पत्र मी पोस्टाबाहेर जो माणूस फॉर्म भरून देतो त्याच्याकडून लिहून घेणार होते. दोनदा त्याच्या टेबलापर्यंत गेले. एकदा त्याला आंबाडीचा भाव विचारून आले. एकदा नुसतीच खोकून आले. मग म्हटलं, ज्या घरात खाल्लं त्याच घरात सांगावं. म्हणून शालनच लिहिते आहे, आणि आता मी जे बोलणार आहे ते तीही पहिल्यांदाच ऐकणार आहे.

फोड घावली होती.

कोहळा फुटला, माणसं तुटून पडली, माझा हात कुणाच्या तरी काखेखालून गेला आणि तळहाताएवढी फोड बोटांना लागली. बिया, कुंकू, सगळ्यासकट. मी ती ओच्यात खोचली. गर्दीतून बाहेर येईपर्यंत मनात तिचे दोन भाग केले होते. अंबाबाईची शपथ, केले होते. एक तुला, एक मला. शालनच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती तेव्हा, तुझ्या शांभवीच्या लग्नाला आठ.

मग मनात आलं, अर्धी दिली तर अर्धंच फळ मिळेल. अर्धं लेकरू कुणाच्या पदरात घालायचं? हसू नकोस. त्या घटकेला मला ते एकदम पक्कं वाटलं. दोघींना अर्धं अर्धं देऊन दोघींचं वाया घालवण्यापेक्षा एकीचं तरी पुरं होऊ दे. आणि ती एक कोण, हे ठरवायला मला पापणी लवायचासुद्धा वेळ लागला नाही.

नवमीला त्या फोडीची खीर केली आणि शालनला घातली. तिला सांगितलं, दुधी आहे.

शालनने पेन खाली ठेवला आहे. मी बोलते आहे, पण मुंग्या थांबल्या आहेत. ती आत गेली. घासलेली भांडी परत घासायचा आवाज येतो आहे.

आली. हे वरचंसुद्धा तिने आता लिहिलं, मी सांगितलं तसं.

काय म्हणाली सांगू? म्हणाली, "आत्ती, मला इचारलं असतंसा तर मी त्यातलं अर्धं काढून ठेवलं असतं." एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही.

बसव्वा, कोहळ्यात काय असतं? पाणी आणि बिया. सांडगे चांगले होतात. हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आले. शालनला डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या. पोरगी कशाने झाली ते वरच्या बाईला ठाऊक. त्या फोडीत काही होतं की नव्हतं मला माहीत नाही. तुझा हात रिकामा होता आणि माझा भरलेला, हे माहीत होतं. आणि पुढच्या वर्षी माझ्या घरात पाळणा हलला, त्याला दोरी धरायला मी तुला उभी केली, तुझ्या लेकीला नाव सांगायला वाकवली. बायका कुजबुजत होत्या, मूल नसलेलीला पुढे का करतेस म्हणून. मी त्यांना झापलं. सगळ्यांना वाटलं चिमणाबाईचं मन केवढं मोठं.

शांभवीला माघारी आणून सोडलं त्या दिवशी मी तुझ्या घरी आले होते. तू चहा केलास. मी म्हटलं, देवीची इच्छा. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "देवीचं नाव घिऊ नकोस." आठ दिवसांत तू चंदगडला गेलीस. आता सांग, मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणत होते, त्याला काय म्हणायचं?

माफ कर असं लिहायला शालनला सांगत नाही. ते लिहिल्यावर तुला नाही म्हणायची मोकळीक राहणार नाही.

चिमणाबाई


कोल्हापूर
सोमवार, ७ ऑक्टोबर २००२, घट बसले

बसव्वा,

उत्तर नाही.

सकाळी देवळात घट बसले, तोफ झाली. पिपाणीवाल्याने नवरात्रासाठी नवा माल आणला आहे. मी दिवसभर शेवंती विकली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हळद-कुंकू शेजारी मिळेल असं सांगत राहिले. शेजारी पिपाण्या होत्या.

यंदा पंचमीला मी टेकडीवर जाणार नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. सयाजी म्हणतो, "आई, पालखी चुकवतीयास?" मी म्हटलं, पालखीतल्या बाईला मी दिसले नाही तर तिचं काही अडत नाही.

मी एसटीने येते आहे. गडहिंग्लजला गाडी बदलावी लागते म्हणे. विचारत विचारत येईन. हे पत्र तुला मिळायच्या आधी मी पोहोचेन, म्हणजे ते लिहायचं काही कारण नव्हतं. पण शालनने आज पुन्हा माझ्यासाठी पेन हातात घेतला, तेव्हा वाया कशाला घालवा.

दार लावलंस तर ओट्यावर बसेन. ओटा आहे ना?

चिमणाबाई


चंदगड
ललिता पंचमी

शालन,

अक्षर वेगळं दिसेल. शांभवीचं आहे. तुझ्या मुंग्या गोल होत्या म्हणे, हिच्या लांबट आहेत. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघाली आहेत, पेन धरताना चुरचुरतं, तरी लिहिते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, सांगा तुम्ही." इकडे हिनेही माझं बोलणं तुझ्यासारखंच धुऊन उतरवलं तर काही बोलू नकोस.

काल दुपारी पोहोचले. गडहिंग्लजला दोन तास बसले. ओटा आहे. बसव्वा ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. केवढीशी झाली आहे गं ती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "पावणं कुठनं आलं म्हणायचं?"

मी म्हटलं, "कोल्हापूरचं."

"बसा. पाणी घ्या."

तिने मला 'घ्या' म्हटलं. तीस वर्षांत तिने मला काय काय म्हटलं आहे ते तू ऐकलं आहेस. यापेक्षा एखादी शिवी गोड लागली असती.

मी पाणी प्याले. म्हटलं, पत्रं मिळाली का? ती आत गेली, फळीवरचा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्या पुढ्यात तीन पाकिटं ठेवली. तिन्ही बंद. तू जिभेने चिकटवली होतीस तशीच.

मी विचारलं, "उघडली न्हाईस?"

"वाचणारी घरात एकच हाय. तिच्या तोंडनं ऐकू व्हय? मी फोड मागितली हुती ते तिला ठावं न्हाई."

म्हणजे बघ. पत्रात काय असणार ते तिला न उघडताच कळलं होतं. आणि मी तिथे बसून रोज पोस्टमनला अडवत होते.

"मग आता तूच सांग की," ती म्हणाली. "तोंड हाय नव्हं?"

शालन, मी महाद्वारात उभी राहून सकाळपासून रात्रीपर्यंत ओरडणारी बाई. मला शब्द फुटेना. तुझ्याकडून लिहून घेताना किती सोपं होतं. मी भिंतीकडे बघून बोलायची, तू कागदाकडे बघून लिहायचीस. इथे ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पाऊस बरा झाला का यंदा?" ती तांदूळ निवडायला लागली.

असं दिवस मावळेपर्यंत चाललं. मग शांभवी कारखान्यातून आली. माझ्या पाया पडली. पाकिटं बघितली. "अव्वा, पोस्टमन मला रस्त्यात इचारायचा, पत्रं पोचली का म्हणून. ही ती?" बसव्वाने हात पुढे केला, पण हिचा हात आधी पोहोचला. एकेक फोडलं. उभ्या उभ्याच वाचायला लागली, मोठ्याने, आईच्या उजव्या अंगाला येऊन.

पहिल्या पत्राला बसव्वाच्या ओठाचा कोपरा हलला. मी बघितला. दुसऱ्याला तिने सूप खाली ठेवलं. तिसरं सुरू झाल्यावर मी म्हटलं, "शांभवे, राहू दे ते." ती थांबली नाही. 'मूल नसलेलीला' हेसुद्धा तिने तसंच वाचलं, एकही शब्द न गाळता. आत्ता लिहितानाही गाळत नाही आहे.

वाचून झालं. मग बसव्वाच बोलली, तांदळाकडे बघत.

"मला त्याच दिवशी कळलं हुतं. तुझ्या कमरंला लाल ओल हुती. मी म्हटलं, गर्दीत कशी देईल, घरी गेल्यावर काढंल. घरी गेलो. मग म्हटलं नवमीला काढंल. मग म्हटलं बारशाला. मला फोड नको हुती गं चिमणे, तवर वाळून गेली असंल. तू एकदा म्हणायचं हुतंस, घावली हुती. मी वाट बघितली. किती बघू?"

मला तिने 'चिमणे' म्हटलं. त्यानंतर परत 'पावणं' म्हणायला लागली आहे, पण एकदा म्हटलं.

शांभवीने कागद घडी करून पाकिटात घातले. मला वाटलं आता ही आत जाईल, दार लावून घेईल, किंवा मला बाहेरचा रस्ता दाखवेल. तिचा हक्कच होता. तिने विचारलं, "मावशी, गिरिजा आपलं नाव नीट म्हणते का?"

मी म्हटलं, "गिलिजा म्हणते."

शांभवी हसली. मग तिला जे आलं ते हसू नव्हतं. बसव्वाने तिला जवळ ओढलं नाही, मीही नाही. शांभवी म्हणते आहे, हे लिहू नका. मी म्हटलं, तूच गाळलं नाहीस काही, आता मीही गाळणार नाही.

आज सकाळी बसव्वा चुलीपाशी म्हणाली, माझ्याकडे पाठ करून, भांड्याला सांगावं तशी: "दिवाळीला गिरिजाला हिकडं पाठवा म्हणावं. दिवाळीचं जितकं दिस तिकडं, तितकंच हिकडं."

मी होय म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, तिच्या आईला विचारून सांगते. बसव्वा वळली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. तुला सांगते, मागच्या वेळी मी तुला न विचारता तुझ्या ताटात वाढलं. आता विचारते. पोरगी लहान आहे, एकटी राहणार नाही, तुलाही यावं लागेल. सयाजीला दोन वेळचा चहा करता येतो, मरणार नाही. तुला नको वाटलं तर नको लिही. शांभवीच वाचणार आहे, पण तिच्यासाठी म्हणून खोटं होय लिहू नकोस. तिच्याशी जेवढं खोटं झालं तेवढं पुरे.

उत्तर येईपर्यंत मी इथेच आहे. ओट्यावर जागा आहे. काल रात्री तर आत झोपायला दिलं.

आणि एक. बसव्वा माझ्याशी बोलत नाही, शांभवीला विचारते आहे, की पोरीला भात कसा लागतो, मऊ की मोकळा. मला ठाऊक आहे, पण मी सांगितलं नाही. ते तू कळव.

चिमणाबाई